जावक क्रमांक नसलेली डाक

सरकारी परिपत्रकांत साहित्य शोधू नये, असं शहाणी माणसं म्हणतात. पण मी आयुष्यभर बाबूगिरी केली. दुसरं वाचणार काय? चांगलं परिपत्रक दिसलं की त्याची एक जादा प्रत काढून आपल्यापाशी ठेवायची खोड मला तेव्हापासून लागली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. त्या ढिगातून सगळ्यात आवडतं कोणतं, असं कुणी विचारलं (अजून कुणी विचारलेलं नाही), तर मी सामान्य प्रशासन विभागाचं २३ जुलै २०२१चं परिपत्रक काढून दाखवीन. विषय, कार्यालयीन वेळेतला मोबाईलचा वापर.

कर्मचाऱ्यांच्या मोबाईलमुळे शासनाची प्रतिमा मलिन होते, या काळजीतून ते निघालं होतं. त्यात काय नाही! कामासाठी शक्यतो कार्यालयातला दूरध्वनीच वापरावा. मोबाईल वापरायचाच झाला तर लघुसंदेश पाठवून भागतं का ते पाहावं. बोलणं भागच असेल तर थोडक्यात बोलावं, सौम्य आवाजात बोलावं, आजूबाजूला माणसं बसली आहेत हे विसरू नये. घरचा फोन आला तर उठून बाहेर जावं. वरिष्ठांच्या दालनात किंवा बैठकीत फोन गप्प ठेवावा, त्यात डोकावू नये, कानात इअरफोन घालू नये. समाजमाध्यमं वापरताना वेळेचं आणि भाषेचं भान असू द्यावं. लोकप्रतिनिधींचा किंवा वरिष्ठांचा फोन मात्र विनाविलंब घ्यावा. दौऱ्यावर असताना तर फोन बंद ठेवूच नये.

सासरी निघालेल्या नातीला आजीनं बजावावं, तसा हा सगळा सूर आहे. हळू बोल, मोठ्यांसमोर चुळबुळ करू नको, आणि कुणी मोठ्यानं हाक मारली की हातातलं टाकून धाव. गृहखात्याच्या किंवा महसूलच्या परिपत्रकाला ही माया कधी जमली नाही.

गिरडला माझी पुतणी नोकरीला आहे. तिला हे परिपत्रक मिळालं ते व्हॉट्सअ‍ॅपवर. कार्यालयीन वेळेत. मोबाईल तिचा स्वतःचा, रिचार्ज तिच्या पगारातला. पीडीएफ उतरवून घ्यायला नेट कमी पडलं म्हणून ती उठून खिडकीपाशी गेली, डोळे बारीक करून वाचू लागली, आणि तेवढ्यात खिडकीबाहेर दाखल्यासाठी उभा असलेला एक शेतकरी शेजारच्याला म्हणाला, "पाहा, मॅडम मोबाईल पाहून राहिल्या." शासनाची प्रतिमा मलिन होऊ नये म्हणून निघालेल्या कागदानं ती गिरडमध्ये पहिल्या पाच मिनिटांतच मलिन केली.

पुतणीचं कार्यालय कुठलं, ते मी सांगत नाही. सांगितलं तर उद्या तिच्याकडून खुलासा मागवतील, आणि तोही व्हॉट्सअ‍ॅपवरच. गिरड मात्र सांगण्यासारखं आहे. वर्धा जिल्ह्यातला समुद्रपूर तालुका, टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा, भोवताली कापूस, सोयाबीन आणि तूर. मे महिन्यात ऊन असं की दुपारी कार्यालयात पंख्याखाली बसणं हीच मोठी सेवा वाटते. पावसाळ्यात ढग गडगडले की आधी लाईन जाते, मग नेट जातं, आणि मग लोक येतात, कारण शेतात काम नसतं.

परिपत्रकात ज्या कार्यालयीन दूरध्वनीचा इतका जिव्हाळ्यानं उल्लेख आहे, तो या कार्यालयातही आहे. बडेबाबूंच्या टेबलावर, डाव्या हाताला. त्यावर एक विणलेला रुमाल टाकलेला आहे आणि रुमालावर टाचण्यांची डबी ठेवलेली असते. रिसीव्हर उचलला की कानात समुद्र ऐकू येतो, बाकी काही नाही. तक्रार करायची तर ती मोबाईलवरून करावी लागते. काचेखाली त्याचा नंबर मात्र सुवाच्य अक्षरात जपून ठेवला आहे, आणि कार्यालयाच्या प्रत्येक पत्राच्या डोक्यावर तो अजून छापला जातो.

मग काम चालतं कशावर? एका पत्राचा प्रवास सांगतो, म्हणजे कळेल. वरून काहीतरी माहिती हवी असते. वरचा बाबू पत्र संगणकावर टाईप करतो. तिथूनच ते ईमेलनं धाडता आलं असतं, पण सही हवी, म्हणून तो छापतो. साहेब सही करतात. सही झालेल्या कागदाचा बाबू मोबाईलनं फोटो काढतो; फोटोच्या कोपऱ्यात चहाचा कप आणि साहेबांचा अंगठा येतो. फोटो जिल्ह्याच्या ग्रुपवर पडतो, तिथून तालुक्याच्या, तिथून गिरडच्या. प्रत्येक पायरीवर पुढे ढकलणारा आपल्या पदरचं एक 'तात्काळ' जोडतो, त्यामुळे गिरडला पोहोचेपर्यंत तीन वेळा तात्काळ झालेलं ते पत्र प्रत्यक्षात आठवड्यापूर्वीचं असतं. इथं पुतणी तो फोटो पुन्हा छापते, कारण फाईलला लावायला कागद लागतो. चहाचा कपही छापून येतो. मग त्यावर आवकचा शिक्का, क्रमांक, तारीख. उत्तर याच वाटेनं उलटं जातं. ते पोहोचलं की वरून फोन येतो, "ठीक आहे, ईमेल पण करून ठेवा."

ईमेलची गोष्ट तर आणखी गोड आहे. भारत सरकारनं २०१४च्या ऑक्टोबरमध्ये आपलं ईमेल धोरण काढलं. सरकारी काम सरकारी पत्त्यावरूनच करायचं, खासगी कंपन्यांच्या फुकट पेट्यांतून नाही, असा त्याचा गाभा. कारण उघड होतं. अमेरिकी हेरखातं जगाच्या टपालात डोकावतं हे आदल्याच वर्षी स्नोडेननं चव्हाट्यावर आणलं होतं. पुढं केंद्राच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांची सरकारी ईमेल चेन्नईच्या झोहो कंपनीकडे सोपवल्याची बातमीही २०२५मध्ये आली. दिल्लीत हे सगळं चाललं असताना गिरडच्या कार्यालयाचा ईमेल पत्ता होता कुण्या काळी कुण्या परिचालकानं उघडलेला, गावाच्या नावापुढे चार आकडे असलेला. आकडे कशाचे, ते आता कुणालाच सांगता येत नाही. त्याचा पासवर्ड हजेरी मस्टरच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेला आहे. गुप्तता एवढीच की ते पान उलटं धरून वाचावं लागतं. अमेरिकेला तो पासवर्ड मिळवायचा असेल तर आधी बडेबाबू रजेवर जायची वाट पाहावी लागेल.

मला उगाच वाटतं की नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं नेहमी एकच बाबू असतो, खुर्चीत रेलून मोबाईलवर पत्ते खेळणारा. असा बाबू नाही असं मी म्हणत नाही. आमच्या काळात मोबाईल नव्हता तरी तो होताच. तो शब्दकोडं सोडवायचा. कसोटी सामना असला की कपाटावरचा ट्रान्झिस्टर बारीक आवाजात चालू असायचा आणि दालनातून साहेबांचा आवाज यायचा, "कुलकर्णी बाद झाला का?" असं काहीबाही. हिवाळ्यात बायकांच्या टेबलावर तुरीच्या शेंगांचा ढीग असे आणि फाईल त्याखाली दबलेली. रिकामपण यंत्रातून येत नाही, ते माणूस डब्याबरोबर घरून आणतो. पण तेव्हा कुणी शेंगांच्या सौम्य सोलणीविषयी परिपत्रक काढलं नव्हतं. खरं तर काढायला हवं होतं. टरफलं फार पसरायची.

फरक निराळाच झाला आहे. आम्ही घर कार्यालयात नेत होतो, डब्यात घालून, शेंगांच्या पिशवीत घालून. पाच वाजले, टाईपरायटरवर प्लास्टिकचं झाकण चढवलं, की कार्यालय संपलं. आता कार्यालयच रोज संध्याकाळी पुतणीच्या पर्समध्ये बसून तिच्या घरी जातं. पाच दिवसांचा आठवडा झाला तो २०२०च्या फेब्रुवारीअखेर, तेव्हा कार्यालयीन वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी अगदी मिनिटाच्या हिशेबानं ठरवण्यात आली होती. ग्रुपला घड्याळ कुणी बांधलेलं नाही. रात्री पावणेअकराला टिंग वाजतं, 'उद्या सकाळी १० वाजेपर्यंत निरंक असल्यास निरंक माहिती सादर करावी.' निरंक माहिती म्हणजे कळवण्यासारखं काही नाही, हे कळवणं. ती उठते, दिवा लावते आणि काही नसल्याचं कळवते.

"मोठेबाबा, तुमचं बरं होतं जी," ती मला म्हणाली. "तुम्ही घरी गेले का साहेबाले चपराशी पाठवा लागे. चपराश्याले सायकल काढा लागे. थो बी म्हणे, जाऊ द्या न साहेब, सकाळी सांगतो."

त्या सायकलीत किती मोठं कामगार धोरण होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

तिला मी वकिली सल्ला दिला. वाचलंच नाही म्हणावं. ती हसली. निळ्या खुणा बंद करायची सोय एकेकट्याशी बोलताना चालते, ग्रुपमध्ये चालत नाही. कुणी किती वाजता वाचलं याची यादी पाठवणाऱ्याला दिसते, असं तिनं मला समजावलं. आणि त्या खुणांचं वजन कमी नाही. मुंबई उच्च न्यायालयात २०१८मध्ये एका बँकेच्या कार्डाच्या थकबाकीचं प्रकरण होतं. नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ करून पाठवली होती. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती बजावली गेल्याचं मानलं, कारण नोटीस नुसती पोहोचली नव्हती, ती उघडून पाहिल्याचंही निळ्या खुणा सांगत होत्या. आमच्या वेळी बेलिफ दाराला नोटीस चिकटवून, दोन पंचांच्या सह्या घेऊन, चहा पिऊन जायचा. आता दोन निळ्या रेघांत बेलिफ, दार आणि पंच सगळे मावले. चहा तेवढा वाचला.

बाबा फरीदांच्या टेकडीवर गोल गोल खडे सापडतात. भूशास्त्राच्या भाषेत ते झिओलाइटचे गोटे. भाविकांची हकीकत वेगळी आहे आणि इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरनंही ती नोंदवून ठेवली आहे. दोन फिरते व्यापारी माल घेऊन टेकडीवरून चालले होते. त्यांनी बाबांची थट्टा केली. बाबांनी त्यांचा सगळा माल दगड करून टाकला. तेच हे खडे. व्यापारी गयावया करू लागले, तेव्हा बाबांनी वाळक्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला. मग व्यापारी कसले जातात? बाबांच्या सेवेतच राहिले. टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्या म्हणून दाखवतात.

कार्यालयीन संपर्काच्या शिस्तीवर याहून नेमकी कथा मला माहीत नाही. पुतणीच्या कार्यालयातल्या एका तरुण बाबूनं 'तात्काळ' या विषयावरचं एक व्यंगचित्र मित्राला पाठवलं. म्हणजे पाठवायचं मित्राला होतं, गेलं तालुक्याच्या ग्रुपवर. त्यानं घाम पुसत लगेच ते सगळ्यांसाठी हटवलं. पण हटवल्यावर तिथं काय उरतं? 'हा संदेश हटवण्यात आला आहे.' व्यंगचित्र पाहिलं असतं चार जणांनी; हटवलं काय, हे विचारायला तालुकाभरातून फोन आले. साहेबांनी काहीच न लिहिता फक्त अंगठा टाकला. त्या अंगठ्याचा अर्थ लावण्यात त्या पोराचे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर आदेश आला, येथे केवळ कार्यालयीन माहिती टाकावी, शुभेच्छा व सुविचार टाकू नयेत. त्याखाली तालुक्यातल्या यच्चयावत कर्मचाऱ्यांचे नमस्काराचे हात आले, आणि सगळ्यांत शेवटी एका ज्येष्ठांकडून गुलाबाच्या फुलासह 'शुभ सकाळ'.

वाळक्या पानांतून नवा माल मिळण्याची सोय हल्ली कमी झाली आहे. २०२५च्या ऑगस्टात नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या तहसीलदारांनी बदलीच्या निरोप समारंभात खुर्चीत बसून मैत्रीवरचं एक जुनं हिंदी गाणं म्हटलं. समोरची माणसं टाळ्या वाजवत होती. कुणीतरी चित्रफीत काढली, ती गावभर, मग राज्यभर फिरली आणि निलंबनाचा आदेश निघाला. खुर्चीचा मान राखायला हवा हे मला मान्य आहे. मी तीस वर्षं ज्या खुर्चीत बसलो तिचा एक पाय मीच ठोकून घेतला होता. तरी गाणं ऐकणारी माणसं आणि आदेश काढणारी माणसं एकमेकांना एरवी कधीच भेटली नसती, हा विचार जात नाही.

त्याच्या थोडंसंच आधी, २८ जुलै २०२५ला, सामान्य प्रशासनाचंच नवं परिपत्रक आलं होतं. या वेळी समाजमाध्यमांवर. आजीचा सूर गेला होता, वकिलाचा आला होता. शासनाच्या धोरणावर टीका करू नये. खासगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत. गोपनीय कागद कुठं चढवू नयेत. योजनेच्या यशाबद्दल लिहिता येईल, पण स्वतःची स्तुती होता कामा नये. प्रोफाईलचा फोटो सोडून इतर फोटोंत आणि रील्समध्ये पदनाम, बोधचिन्ह, गणवेश, सरकारी वाहन, सरकारी इमारत यांचा वापर टाळावा. आणि कार्यालयांतर्गत समन्वयासाठी व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम वापरता येईल. हे शेवटचं वाक्य वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चार वर्षांपूर्वी जो मोबाईल प्रतिमा मलिन करत होता, तो आता समन्वय करू लागला होता. पेन्सिलीनं लिहिलेल्या वास्तवावर शाई फिरवली गेली, इतकंच.

गोपनीय कागद बाहेर जाऊ नयेत, हे तर कुणीही मान्य करील. अडचण इमारतीची आहे. "मोठेबाबा," पुतणी म्हणाली, "झाडं लावा म्हणते, थ्याचा फोटो जिओ टॅग करून पाठवा म्हणते, फोटोत कर्मचारी दिसला पाहिजे म्हणते. आता माह्या मागं सरकारी इमारत सोडून काय येईन? मी उभी कुठं राहू?"

आमच्या जिल्ह्याला टपालाचे आणि टेलिफोनचे नियम नवे नाहीत. गांधीजी ३० एप्रिल १९३६ला सेगावात आले, आणि जगभरातून त्यांच्या नावानं येणारी पत्रं बुलढाण्याकडच्या शेगावला जाऊ लागली. गजानन महाराजांच्या गावी महात्माजींची डाक! शेवटी १९४०मध्ये गावाचंच नाव सेवाग्राम झालं. पत्ता चुकतो म्हणून गाव बदलण्याचा हा उपाय पुतणीच्या ईमेलवरच्या चार आकड्यांना लागू करता येईल का, याचा मी विचार केला आहे. आश्रमात बापूंच्या दफ्तरात अजून एक टेलिफोन ठेवलेला दिसतो, व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी बसवून दिलेला. सरकारनंच आपल्या सगळ्यात मोठ्या विरोधकाच्या झोपडीत स्वतःच्या खर्चानं फोन बसवावा, याहून उदार दूरध्वनी धोरण नंतर कुणाला जमलेलं नाही. आणि त्या झोपडीतला माणूस तरी कसा? आलेली पाकिटं उलटून त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहिणारा. उजवा हात थकला की डाव्या हातानं पत्रं लिहिणारा. आणि सोमवारी मौन. व्हाइसरॉयचा निरोप असो की कुणाचा, सोमवारी उत्तर मिळेल ते चिठ्ठीवर. गिरडच्या एखाद्या कर्मचाऱ्यानं दर सोमवारी ग्रुपवर मौन पाळलं, तर मंगळवारी कारणे दाखवा निघेल. बापूंना ते निघालं नाही, कारण ते कुठल्या ग्रुपमध्ये नव्हते. ते स्वतःच ॲडमिन होते.

याच वर्ध्यातून २ ऑक्टोबर २०२२ला सरकारी फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणण्याचं अभियान सुरू झालं. त्याचं पुढं गिरडमध्ये काय झालं, असं मी विचारलं. पुतणी म्हणाली, साहेबांचा फोन आला की आधीही पहिला शब्द "हो साहेब" होता, आताही तोच आहे.

परदेशात माणसं या प्रश्नावर थेट कोर्टात जातात. रोमेनियातल्या एका अभियंत्यानं ग्राहकांना उत्तरं द्यायला कंपनीच्या सांगण्यावरून याहूचं खातं उघडलं, आणि त्या काळात भावाशी आणि वाग्दत्त वधूशीही गप्पा मारल्या. कंपनीनं त्या गप्पा पंचेचाळीस पानांवर छापून त्याच्यापुढं ठेवल्या आणि त्याला काढून टाकलं. भांडण युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं. २०१६मध्ये तो हरला, २०१७च्या सप्टेंबरमध्ये मोठ्या पीठापुढं जिंकला. मालक नियम करू शकतो, पण कामाच्या जागेवरचं माणसाचं खासगी आयुष्य नियमानं शून्यावर आणता येत नाही, असं न्यायालयानं सांगितलं. बापड्यानं कार्यालयाच्या खात्यात घर घुसवलं होतं. पुतणीची तक्रार उलटी आहे, तिच्या घरच्या खात्यात कार्यालय घुसलं आहे. उद्या तिची पंचेचाळीस पानं छापली, तर त्यात दळण आणलं का, पोराची फी, निरंक माहिती, सासूबाईंची गोळी, जिओ टॅग, परत दळण, असा क्रम लागेल. त्यातलं सरकारी कोणतं आणि खासगी कोणतं, हे ठरवायला स्ट्रासबर्गच्या त्या न्यायालयाचे न्यायाधीश गिरडला मुक्काम करून राहिले तरी दळणापाशी अडकतील.

फोक्सवॅगननं २०११मध्ये ठरवलं की पाळी संपल्यावर अर्ध्या तासानं कर्मचाऱ्यांच्या ब्लॅकबेरीवर ईमेल पाठवणं सर्व्हरच बंद करील. डाइमलरनं त्यावर ताण केली; सुट्टीवरच्या माणसाला आलेली ईमेल आपोआप पुसून टाकायची सोय केली. पाठवणाऱ्याला कळवायचं, माणूस सुट्टीवर आहे, तुमचं पत्र पुसलं आहे, अमुक माणसाला लिहा. मला हे वाचून झोप लागेना. पत्र पुसायचं! आवक क्रमांक न देता! फ्रान्सनं १ जानेवारी २०१७पासून पन्नासहून अधिक कामगारांच्या कंपन्यांना कामाबाहेरच्या वेळेत फोनपासून मोकळं राहण्याच्या हक्कावर वाटाघाटी करायला लावलं. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी असंच खासगी विधेयक २०१८च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत मांडलं आणि २०२५च्या डिसेंबरमध्ये पुन्हा मांडलं. १९७०नंतर आपल्याकडे एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, त्यामुळे पुतणीनं त्यावर रजेचे बेत आखलेले नाहीत. ती बातमी तिला कळली ती मात्र कार्यालयाच्या ग्रुपवरच, रात्री साडेदहाला. कुणीतरी टाकली होती. कुणी अंगठा टाकला नाही. सगळ्यांनी वाचल्याच्या खुणा होत्या.

गिरडच्या कार्यालयानं शेवटी आपलं धोरण आपणच केलं. वरून परवानगी घेतली नाही, जावक क्रमांक टाकला नाही. खिडकीशेजारी, नागरिकांची सनद जिथं लावली आहे त्याच्या खाली, त्या तरुण बाबूनं, तोच व्यंगचित्रवाला, मार्करनं लिहून एक कागद चिकटवला, 'कर्मचारी मोबाईलवर दिसल्यास ते आपलेच काम करीत आहेत. कृपया सहकार्य करावे.' बडेबाबूंनी त्यात 'आपलेच'ची मात्रा तपासली आणि शिक्का मारला. लोकांनीही ते मानलं, असं पुतणी म्हणते. बोलणं कमी झालं.

मी गेलो तेव्हा खिडकीपाशी धोतरातले एक आजोबा काठीवर हनुवटी टेकवून उभे होते. आत पुतणी मोबाईलवर. आजोबांनी कागद अक्षर-अक्षर लावून वाचला, मग आत पाहिलं, मग पुन्हा कागद वाचला.

"काहो बाई," ते म्हणाले, "माह्यंच काम करून राहिली, तं मंग हासून काऊन राहिली?"

पुतणीनं मोबाईल त्यांच्याकडे वळवून दाखवला. "सर्व्हर डाऊन आहे न बाबाजी, म्हणून."